राजपुत्राचं मागणं

एका राजानं आपल्या मुलाला विचारलं, "तुझ्या मनात काय इच्छा आहे, सांग." राजे असला प्रश्न विचारतात तेव्हा त्यांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. राज्य वाढवावं, प्रजेला सुखी करावं, तुमच्या पायाशी राहावं, वगैरे. हा पोरगा खरं बोलला. म्हणाला, इंद्राची मुलगी, अग्नीची मुलगी, वरुणाची मुलगी आणि नागराजाची मुलगी, अशा चौघी माझ्या बायका व्हाव्यात आणि त्यांच्या सहवासात माझे दिवस मजेत जावेत. बापाचं टाळकं सरकलं. मारून टाका याला, असा हुकूम सुटला. आई मध्ये पडली म्हणून पोराचा जीव वाचला. घर सुटलं, राज्य सुटलं, आणि उरलेल्या गोष्टीत त्यानं एकच काम केलं: बोललो ते खरं करून दाखवणं.

'जगतलप्रतापन' हा तमिळ चित्रपट या प्रश्नोत्तरावर उभा आहे. साल १९४४. कोइमतूरच्या पक्षिराजा फिल्म्सनं तो काढला, दिग्दर्शक एस. एम. श्रीरामुलु नायडू, आणि राजपुत्राच्या भूमिकेत पी. यू. चिन्नप्पा. चित्रपट म्हणून तो फार थोर आहे असं मी म्हणणार नाही. कथा मध्येच पेंगते, कॅमेरा पुष्कळदा एका जागी बसून नाटक बघितल्यासारखं बघतो, आणि आज ज्या प्रती फिरतात त्यांतला आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. पण त्या पोराच्या उत्तरापाशी मी अडकले ती अडकलेच. इतक्या उघडपणे 'मला हे हवंय' म्हणणारा नायक आपल्याकडच्या जुन्या चित्रपटात शोधून सापडायचा नाही.

मी माटुंग्यात वाढले. किंग्ज सर्कलचं अरोरा थिएटर तेव्हा तमिळ चित्रपट लावायचं, आणि रविवारी सकाळी आमच्या इमारतीतल्या निम्म्या बायका गजरे माळून तिकडं निघालेल्या असायच्या. खालच्या मजल्यावरच्या मामींनी मला तमिळ शिकवलं नाही, पण तमिळ चित्रपट कसा बघायचा ते शिकवलं. गाणं लागलं की बोलायचं नाही, मारामारी लागली की पाणी पिऊन यायचं. चिन्नप्पाचा हा चित्रपट आम्ही दोघींनी बघितला तो पुष्कळ नंतर, त्यांच्या नातवाच्या टॅबवर. खाली अक्षरं नव्हती, त्यामुळे मामीच अर्ध्या मराठीत आणि अर्ध्या मुंबई हिंदीत सांगत होत्या. राजा चिडला तेव्हा त्या म्हणाल्या, "बाप विचारला म्हणून बोलला ना तो? नाही ऐकायचं तर विचारायचं कशाला?" माझ्या मते चित्रपटाची सगळी बाजू या एका वाक्यात आली.

गोष्ट चित्रपटवाल्यांची नाही. 'मदनकामराजन कथै' नावाचं एक तमिळ लोककथांचं पुस्तक आहे. गोष्टीत गोष्ट, तिच्या पोटात आणखी गोष्ट, असा त्याचा घाट. एस. एम. नटेश शास्त्रींनी एकोणिसाव्या शतकात त्याचं इंग्रजी केलं, आणि जगतलप्रतापाची कथा त्यात आहे. असली पुस्तकं आपल्याकडंही होती. वेताळ पंचविशी, सिंहासन बत्तिशी, शुकबहात्तरी. पातळ कागद, लालपिवळं मुखपृष्ठ, जत्रेत जमिनीवर मांडलेली. माझ्या पिढीला मात्र हे जग भेटलं ते 'चांदोबा'तून. राजपुत्र, राक्षस, उडते गालिचे, आणि दक्षिणी घाटाचे मुकुट घातलेले राजे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासमध्ये १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये ते मासिक सुरू केलं, मराठी 'चांदोबा' १९५२ पासून येऊ लागला. हेच दोघं विजया प्रॉडक्शन्सचेही मालक. म्हणजे मद्रासच्या ज्या घरातून जादूचे चित्रपट निघत होते, त्याच घरातून आमच्या सांगली-साताऱ्याच्या मुलांच्या हातात दर महिन्याला जादूची चित्रं पडत होती. कोणाला पत्ताही नव्हता.

तरी आपल्याकडं या अद्भुताचं पुढं काय झालं याचा विचार करते तेव्हा जरा खंत वाटते. मराठी कादंबरी सुरुवातीच्या काळात रमली ती अद्भुतातच. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. मंजुघोषेत तर प्रेमिकांच्या दिमतीला चक्क विमान आहे. मग हरिभाऊ आपटे आले, वास्तव आलं, विधवांचं केशवपन आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पण त्या नादात शहाण्यासुरत्या मराठी वाचकाला मंजुघोषेची लाज वाटायला लागली ती कायमची. अभ्यासक्रमात तिचं नाव येतं ते नाक मुरडण्यासाठी. तमिळ माणसानं नाक मुरडलं नाही असं नाही, पण त्याच्याकडं गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्या होत्या, आणि त्यांनी हा माल हातचा जाऊ दिला नाही.

आपल्याकडंही एक मोठा जादूचा चित्रपट झाला. प्रभातचा 'माया मच्छिंद्र', १९३२. शांतारामांचं दिग्दर्शन, गोविंदराव टेंबे मच्छिंद्रनाथ, मास्टर विनायक गोरख, आणि दुर्गा खोटे स्त्रीराज्याच्या राणी. राणीच्या शेजारी पाळलेला चित्ता. कोल्हापुरात बसून ही मंडळी काय काय करत होती! पण गोष्ट कुठं जाते पाहा. मच्छिंद्रनाथ बायकांच्या राज्यात रमतात, आणि शिष्य त्यांना सोडवायला येतो. नवनाथांच्या कथेत गोरख मृदंगावर थाप मारतो आणि त्यातून बोल उमटतात, 'चलो मच्छिंदर, गोरख आया'. प्रभातच्या चित्रपटात तर शेवटी कळतं की राज्य, राणी, वैभव, हा सगळा गुरूनं रचलेला मायेचा खेळ होता.

मराठी जादू अशी असते. ती दाखवते आणि मग म्हणते, हे खरं नव्हे बरं का, ऊठ. सुख हे गुंगीसारखं येतं आणि शहाणा शिष्य वेळेवर येऊन उठवतो. जगतलप्रतापनला कोणी उठवायला येत नाही. त्याला चार दिव्य बायका हव्यात, जादू त्याला त्या मिळवून देते, आणि त्या खऱ्या असतात. अडचणी येतात, त्याच्या बायकांवर डोळा ठेवणारे येतात, अशक्य कामं सांगितली जातात, पण 'तुझी इच्छाच चूक होती' असं गोष्ट त्याला एकदाही ऐकवत नाही. वारकऱ्यांच्या आणि नाथांच्या प्रदेशात वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला, आणि मग त्याची चटक लागली.

मृदंग इकडंही आहे, तिकडंही आहे. तिकडचा मृदंग ज्या प्रसंगात वाजतो त्या प्रसंगासाठी हा चित्रपट ऐंशी वर्षं जगला आहे.

गाण्याची बैठक आहे. 'तायै पणिवोम' हे गाणं. गाणारा चिन्नप्पा. त्याच्या शेजारी साथीला बसलेला, तोही चिन्नप्पा. मृदंगावर चिन्नप्पा. कोनक्कोल, म्हणजे मृदंगाचे बोल तोंडानं झडझड म्हणण्याची ती दक्षिणी करामत, तीही करतोय चिन्नप्पा. एकूण पाच. एकाच चौकटीत, एकाच वेळी, एकमेकांच्या लयीत. आणि नुसते पाच ठोकळे मांडून ठेवलेले नाहीत, प्रत्येकाची बसायची तऱ्हा निराळी. मामींनी इथं टॅब थांबवला, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. म्हणाल्या, "चार बायका कोणाला याद आहेत? पाच चिन्नप्पा सगळ्यांना याद आहेत." मला तोवर हे सुचलंच नव्हतं. पोरानं मागितल्या चौघी. त्या त्याला मिळाल्या. पण चित्रपटानं त्याला त्याहून मोठं बक्षीस दिलं, तो स्वतःच त्याला पाच वेळा मिळाला. प्रेमकथा म्हणवणारे पुष्कळ चित्रपट मनातून नायकाच्या स्वतःवरच्याच प्रेमाची कथा सांगत असतात. इथं ती निदान लपवलेली नाही, उलट तालासुरात मांडली आहे.

आज असलं दृश्य संगणकावर एखादा मुलगा दुपारच्या जेवणाआधी करून देईल. १९४४ साली हे कॅमेऱ्याच्या पोटातच करावं लागे. त्या काळची साधारण रीत अशी: कॅमेरा जमिनीत पुरल्यासारखा घट्ट बसवायचा. भिंगापुढं काळा पडदा लावून चौकटीचा एक भाग उघडा ठेवायचा, बाकीचा झाकायचा. नटाला त्या उघड्या भागात बसवून अख्खं गाणं चित्रित करायचं. मग तीच फिल्म उलटी गुंडाळून पहिल्या चौकटीवर आणायची, पडदा सरकवून शेजारचा भाग उघडायचा, नटानं वेश बदलून तिथं बसायचं, आणि पुन्हा तेच गाणं. जितकी माणसं तितक्या फेऱ्या. मधल्या वेळात कॅमेऱ्याला कोणाचा धक्का लागला, दिव्याचा प्रकाश कमीजास्त झाला, नटाचा हात पडद्याच्या रेषेपलीकडं गेला, तर तो हात हवेत कापला जाणार. शेवटच्या फेरीत चूक झाली तर आधीच्या सगळ्या फेऱ्या वाया.

नटाचं काम तर आणखी कठीण. साथीदारानं गायकाकडं बघून दाद द्यायची, आणि बघायचं तिथं कोणी नाही, नुसती हवा. दाद द्यायची ती आपण मघाशी घेतलेल्या किंवा अजून घ्यायच्या असलेल्या तानेला. समेवर पाचही माना एकत्र हलायला हव्यात. लय ज्याच्या हाडात मुरली आहे अशा माणसाशिवाय हे होणं नाही. म्हणून मला या दृश्यात खरी जादू तंत्राची वाटत नाही, चिन्नप्पाच्या मानेची वाटते.

शिवाय ते युद्धाचं वर्ष होतं. कच्ची फिल्म परदेशातून यायची आणि तिचा तुटवडा होता. सरकारनं १९४३ साली चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधून टाकली, म्हणजे पडद्यावर दोन तासांच्या आसपास. तोवर तमिळ चित्रपट लग्नाच्या पंगतीसारखे चालत, पन्नास-पन्नास गाणी असत. एकदम हात आखडावा लागला. अशा दिवसांत एकाच गाण्यासाठी तीच फिल्म पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यातून फिरवायची, नासली तर संपलं, हा धोका नायडूंनी पत्करला. कोइमतूरच्या गिरणीवाल्यांच्या पैशावर वाढलेल्या त्या चित्रसृष्टीत हिशेब पक्का असे, तरी हे झालं.

चिन्नप्पा हा माणूस मुळात कंपनीचा. जन्म १९१६चा, पुदुक्कोट्टैचा. लहानपणीच मदुरै ओरिजिनल बॉईज कंपनीत दाखल झाला. आपल्याकडं जशी नाटक मंडळी, तशा तिकडं या मुलांच्या कंपन्या. पहाटे उठायचं, गाणं घोकायचं, वाद्यं शिकायची, लाठी फिरवायची, मार खायचा, आणि रात्री राजा नाहीतर राणी व्हायचं. त्याच कंपनीत एक ज्युनियर पोरगा होता, एम. जी. रामचंद्रन. चिन्नप्पा तिथला हिरो, रामचंद्रन किरकोळ भूमिकांतला. या कंपन्यांत आवाज फुटला की मुलगा निकामी. चिन्नप्पाचाही आवाज फुटला. मग त्यानं शास्त्रीय गाणं पक्कं केलं आणि तालमीत अंग कमावलं. कुस्ती, वजनं, सिलंबम ही तमिळ लाठीकाठी. पुढं चित्रपटात आला तेव्हा गळा आणि मनगट दोन्ही असलेला नट म्हणून आला.

१९४० साली सेलमच्या मॉडर्न थिएटर्सच्या 'उत्तम पुत्रन'मध्ये तो जुळ्या भावांच्या दोन भूमिकांत दिसला. तमिळ पडद्यावरची ती पहिली दुहेरी भूमिका. दोनावरून पाचावर यायला त्याला चार वर्षं लागली.

त्याचा प्रतिस्पर्धी एम. के. त्यागराज भागवतर. एकानं गावं तर ते भागवतरांनी, अशी अर्ध्या मद्रास प्रांताची खात्री, आणि उरलेला अर्धा प्रांत चिन्नप्पाचा. १९४४च्याच दिवाळीला भागवतरांचा 'हरिदास' लागला आणि मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात तीन दिवाळ्या चालला. त्याची गोष्ट मराठी माणसाला सांगायची गरजच नाही. बायकोच्या आणि कलावंतिणीच्या नादानं आईबापांना छळणारा मुलगा, त्याला घडलेली अद्दल, मग पश्चात्ताप, मातृपितृसेवा, आणि दारात देव आला तरी त्याला थांबायला लावणं. आपला पुंडलिकच. म्हणजे एकाच वर्षी तमिळ प्रेक्षकांसमोर दोन मुलगे उभे होते. एक आईबापांच्या पायाशी परत येणारा, दुसरा बापाच्या तोंडावर चार अप्सरा मागून घर सोडणारा. लोकांनी दोघांनाही पैसे दिले. यात त्यांना विसंगती वाटली नाही, आणि वाटायचं कारणही नाही. सकाळी देवळात आणि रात्री जत्रेत एकच माणूस जातो.

त्या वर्षाच्या अखेरीस भागवतरांना एका खून खटल्यात अटक झाली, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेलं आणि १९४७ साली ते निर्दोष सुटले. तोवर त्यांचा काळ सरला होता. चिन्नप्पाला मैदान मोकळं मिळालं, पण त्याच्यापाशी आयुष्य नव्हतं. १९५१च्या सप्टेंबरात तो गेला. पस्तीस वर्षांचा होता. कमावलेल्या पैशातून तो पुदुक्कोट्टैत घरामागून घर विकत घेत सुटला होता, इतकी की शेवटी संस्थानानं आता पुरे म्हणून बंदी घातली, असं सांगतात. खरंखोटं कोण जाणे. पण पडद्यावरच्या राजपुत्राला शोभणारी गोष्ट आहे खरी, चार म्हणजे चारच कशाला!

एकानंच अनेक होण्याचा हा सोस आपल्या फाळक्यांपर्यंत मागं नेता येतो. दादासाहेब जादूगार होते. जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि आपलं आडनाव उलटं फिरवून प्रोफेसर केळफा या नावानं खेळ करत. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंकेंनी रामही केला आणि सीताही. प्रेक्षकांनी दोघांनाही हात जोडले. याच्या उलटा प्रकार कोल्हापुरात घडला. प्रभातनं तमिळ बाजारासाठी 'सीता कल्याणम्' काढला, बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली. मद्रासहून एक अख्खं कुटुंब कोल्हापूरला आणलं. बाप जनक झाला, मुलगा राम आणि मुलगी सीता. सख्खे भाऊबहीण नवराबायको म्हणून उभे केले यावरून पुढं तक्रारी झाल्या म्हणे. धाकटा मुलगा कंजिरा, म्हणजे दक्षिणी खंजिरी, वाजवायला होता. तोच पुढचा मोठा वीणावादक एस. बालचंदर. आणि मुंबईच्या मूकपटांतला तो पैलवान नायक राजा सँडो, तोही मूळचा पुदुक्कोट्टैचा, चिन्नप्पाच्याच गावचा. ही दोन चित्रसृष्टींतली ये-जा इतकी होती की कुठली युक्ती कोणी कोणाकडून उचलली याचा माग काढत बसू नये.

आता ज्याबद्दल बोलायचं टाळलं तर लबाडी होईल ते. चार दिव्य बायका मिळतात कशा? या गोष्टीचा सांगाडा जगभर सापडतो. स्वर्गातली मुलगी तळ्यावर आंघोळीला उतरते, काठावर ठेवलेलं तिचं वस्त्र माणूस पळवतो, वस्त्राशिवाय तिला उडता येत नाही, मग ती त्याची बायको होते. वस्त्र लपवलेलं असेतो संसार. ज्या दिवशी ते तिला सापडेल त्या दिवशी ती गेली. मी कॉलेजात असते तर इथंच टॅब मिटला असता. आजही तो भाग मी जरा तिरक्या नजरेनंच बघते. चौघी आहेत, पण चौघींना कोणी विचारत नाही की तुमच्या मनात काय आहे. राजानं निदान मुलाला विचारलं तरी होतं.

मामी मात्र या प्रसंगी शांत होत्या. त्यांचं म्हणणं वेगळंच. "ती साडी शोधते ना शेवटपर्यंत? मग झालं. ती विसरली नाही." त्यांच्या लेखी गोष्ट तिथं होती. बायकांनी बायकांना सांगितलेल्या कथेत ते वस्त्र बहुधा असंच राहत असणार, माळ्यावरच्या पेटीत घट्ट बांधून ठेवलेलं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीला ती पेटी कुठं आहे ते ठाऊक असणार. पुरुषांनी चित्रपट काढला तेव्हा कॅमेरा तळ्याकाठी रेंगाळला. गोष्ट मुळात पेटीची होती असं मी म्हणते, पुरावा मागू नका.

पुढची वाटचाल मजेशीर आहे. चिन्नप्पाच्या कंपनीतला तो ज्युनियर पोरगा १९४७ साली 'राजकुमारी'त नायक झाला. तोही जादू आणि राजकन्यांचाच चित्रपट, तोही कोइमतूरच्या सेंट्रल स्टुडिओत झालेला, आणि त्याच्या संवादांत हात होता एका तरुण नास्तिकाचा. एम. करुणानिधी. देव नाही, भूत नाही, मंत्र नाही असं व्यासपीठावरून सांगणाऱ्या चळवळीतला माणूस मांत्रिकाच्या चित्रपटाला हातभार लावतो यात मला ढोंग दिसत नाही. राजा दुष्ट, राजगुरू लबाड, आणि बाहेरून आलेला साधा तरुण त्यांना पुरून उरतो, हा साचा नव्या राजकारणाला फार सोयीचा होता. त्या दोघांनीही पुढं मुख्यमंत्रीपद भूषवलं.

नायडूंनी पक्षिराजा स्टुडिओ उभारला आणि 'मलैक्कळ्ळन' काढला, १९५४ साली, रामचंद्रन नायक. त्याचाच हिंदी अवतार म्हणजे दिलीपकुमार-मीनाकुमारीचा 'आझाद', १९५५. हा मात्र प्रत्येक मराठी घरात पोचलेला आहे, कारण त्याचं संगीत आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्र ऊर्फ अण्णांचं. दिवस थोडे होते, नायडूंची घाई होती, आणि अण्णांनी झपाट्यानं सगळी गाणी बांधून दिली. त्या चित्रपटातही नायक एक आणि सोंगं अनेक. कधी म्हातारा, कधी शेटजी, कधी डाकू. आपल्या आईवडिलांच्या पिढीनं ज्या चित्रपटातल्या गाण्यांवर संसार केला त्याचा दिग्दर्शक अकरा वर्षांपूर्वी कोइमतूरात एका माणसाचे पाच करत होता.

मूळ दृश्य तर फिरतच राहिलं. १९६१ साली विजया प्रॉडक्शन्सनं हीच कथा तेलुगूत 'जगदेकवीरुनि कथा' म्हणून काढली, के. व्ही. रेड्डींच्या दिग्दर्शनाखाली. तिथं एन. टी. रामाराव अनेक झाले आणि मागून घंटसालांचा आवाज. ते गाणं मूळ दृश्यापेक्षा चढ आहे हे कबूल करायला मामींना कष्ट पडले, पण त्यांनी ते केलं. १९६५च्या 'तिरुविळैयाडल'मध्ये शिवाजी गणेशन शंकर होऊन आले आणि गाणारा मी, वाजवणारा मी, भाव मी, असं ठणकावत पुन्हा तोच डाव टाकला. तेव्हा मात्र डाव बदलला होता. चिन्नप्पा माणूस होता म्हणून त्याचे पाच होणं गमतीचं होतं. शंकराचे पाच झाले तर त्यात काय विशेष? देवाला ते जमायचंच. मला माणसाचं जमलेलं जास्त आवडतं.

आणि १९९०. के. व्ही. रेड्डींच्या हाताखाली तयार झालेले सिंगीतम श्रीनिवास राव दिग्दर्शक, नायक कमल हासन, चार भूमिकांत, चारही भाऊ. चित्रपटाचं नाव 'मायकल मदन काम राजन'. जुन्या पुस्तकाचं नाव घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, पुढं एक मायकल जोडायचा आणि एकेक तुकडा एकेका भावाला वाटून टाकायचा. चार बायकांचा हट्ट आता कोणाला राहिलेला नाही, चार कमल हवेत. त्यातला पालघाटचा स्वयंपाकी कामेश्वरन हा मामींचा खास लाडका. त्याचे संवाद त्यांना तोंडपाठ आहेत, पडद्यावरच्या माणसाआधी त्या म्हणून टाकतात, आणि मी 'काय म्हणाला, काय म्हणाला' करेपर्यंत पुढच्या विनोदाला हसायला लागलेल्या असतात.